मध्यापासून किंचित

दौगावा नदी गोठली की रीगात आवाज फार लांबून येतात.
संस्थेच्या तळघरात मात्र एकच: भट्टीची गुणगुण.
तेराशे पन्नास अंश, अजून दोन तास तशीच.
मिर्ड्झा लोकरी मोज्यांतले पाय तिच्याकडे करून बसलेली,
मांडीवर काळ्या पावाचा तुकडा,
वहीत डावीकडे कललेले बारीक आकडे.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, आत नक्की काय असतं?
तिनं साखरेचा चौकोनी खडा उचलला.
"आठ कोपरे. प्रत्येकावर बेरियम, जाडजूड, हलायचं नाव नाही.
सहा बाजू. प्रत्येकीच्या मधोमध एक ऑक्सिजन.
आणि या सहांच्या पिंजऱ्यात टायटॅनियम.
पिंजरा त्याला सैल होतो,
थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखा."
मग खडा चहात टाकला आणि ढवळत राहिली.

"तापलेला असतो तोवर थरथरत का होईना, मधेच राहतो.
एकशेवीस अंशांच्या खाली आला की एका अंगाला सरकतो.
किती? केसाच्या जाडीचे दहा लाख भाग कर,
त्यातला एकही त्याला मोठा.
एवढ्याशा सरकण्यावर तुझा फोन चालतो, बाई.
कागदाहून पातळ थर, शेकड्यांनी रचलेले,
वीज मुठीत धरून बसलेले."

मी म्हटलं, म्हणजे मधोमध आहे तोवर कुचकामी,
आणि जरा ढळला की—
"तसं काही नसतं. तो टायटॅनियम आहे.
वही घे, तापमान लिही."

मी लिहिलं.
भुकटी दळली, चाळली, दाबून चकत्या पाडल्या.
पंचवीस मिलिमीटरची चकती भाजून एकवीसची होते,
त्यात बाराला तीन तडकतात.
तडकलेल्या ती खिडकीत, जिरॅनियमच्या कुंडीत खोचते.
उरलेल्या गरम तेलात, दोन तारांमध्ये, हजारो व्होल्टखाली:
आतले सगळे ढळलेले एका दिशेला वळेपर्यंत.
मग पेन्सिलीच्या टोकानं टकटक.
दाबलं की वीज देते, वीज दिली की अंग आक्रसते.
काटा उडाला, चकती पास.

पूर्वी या चकत्या खोक्यांतून लिएपायाला जात,
त्या बंद बंदरात, कुणी काही विचारायचं नाही.
ऑस्ट्रिस तिथंच बोटीवर होता, कानांना श्रवणयंत्र लावून.
पाण्याखाली हिच्या हातची चकती,
पाण्यावर हिचा भाऊ.
पत्रात लिहायचा: आज फक्त हेरिंग मासे बोलले.
एका ऑक्टोबरात बोट परत आली, तो आला नाही.
हे मला तिनं नाही, रखवालदार वाल्डिसनं सांगितलं,
तेही किल्ली शोधता शोधता.

आता खोकी तार्तूला जातात,
पोटातल्या बाळांचे ठोके ऐकायला.
त्या कामाला शिसं घातलेली माती उत्तम. आम्ही
बिनशिशाची शिकतोय, आणि ती अजून नीट ऐकत नाही.

काल भट्टी निवायची वाट बघताना
तिनं खणातून तंबाखूचा पत्र्याचा डबा काढला.
एकच चकती. कडेला कोरलेलं: ७४.
"चकती विसरते," ती म्हणाली,
"पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जितकं,
तितकंच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत,
तितकंच पुन्हा शंभरापासून हजारापर्यंत.
कमी कमी होत जातं विसरणं. संपत नाही."

तेल गरमच होतं. मी म्हटलं, हिला पुन्हा घालू या?
एका तासात नव्यासारखी होईल.
"नको."

तिनं पेन्सिल उलटी धरली, हलकेच टेकवली.
काटा हलला.
चष्मा पुसून तिनं परत पाहिलं,
आणि दरवर्षीच्या ओळीखाली
यंदाचा आकडा लिहिला, डावीकडे कललेला.